छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या मुलांचं वाचन: इंदूरच्या मराठी पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतल्या मराठी घरांत मूल घरी मराठी बोलतं, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतं आणि शेजारीपाजारी हिंदी ऐकतं. या मुलाला नीट दिसत नसेल तर पालकांपुढे एकदम दोन प्रश्न उभे राहतात: वाचायचं कसं, आणि कोणत्या भाषेत? इथली उत्तरं पालक, वर्गशिक्षक आणि मदतीला येणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहेत.

छापील मजकूर वाचता न येणं म्हणजे अंधत्वच ना?

नाही. यात तीन प्रकारची मुलं येतात. पहिली, ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं. दुसरी, ज्यांची नजर ठीक आहे पण अक्षरांचा उलगडा होत नाही, म्हणजे डिस्लेक्सियाची मुलं. तिसरी, ज्यांना हातात पुस्तक धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली, काही मुलं. तिसऱ्या गटाची आठवण सहसा कुणाला होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत, ही अल्पदृष्टी. क्षेत्राचा मुद्दा लक्षात ठेवा. तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचणारं मूलसुद्धा नळकांड्यातून पाहिल्यासारखं पाहत असू शकतं. अशा मुलाला ओळीचा शेवट सापडत नाही आणि शिक्षक म्हणतात, ‘दिसतं तर सगळं, लक्षच देत नाही.’

पुस्तक नाकाला लावून वाचतो. डोळे अजून बिघडतील का?

बिघडत नाहीत. पुस्तक ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणलं की अक्षर चौपट मोठं दिसतं. मुलाने स्वतः शोधलेलं हे बिनखर्चाचं भिंग आहे, ते हिसकावू नका. मान मात्र दुखते, म्हणून पुस्तक वर आणायला तिरका स्टँड द्या. काही मुलांचे डोळे सतत हलत असतात. ती मान एका बाजूला वळवून वाचतात, कारण त्या कोनात डोळ्यांची हालचाल सगळ्यात कमी होते. ‘सरळ बस, सरळ बघ’ असं त्यांना सांगू नये. नजर अचानक कमी झाली, डोळा लाल झाला, दुखला किंवा प्रकाशाच्या चमका दिसू लागल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ब्रेल शिकवावं, मोठी अक्षरं द्यावीत की ऐकवावं?

अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. मुलाच्या इयत्तेच्या एक वर्ष खालचे, सारख्याच अवघडपणाचे दोन उतारे घ्या. पहिला एक मिनिट मोठ्याने वाचायला लावा आणि शब्द मोजा. मग २० मिनिटं त्याला नेहमीचं वाचन करू द्या आणि लगेच दुसरा उतारा एक मिनिट वाचून घ्या. दुसऱ्या वेळचा आकडा बराच घसरला, डोळ्यांत पाणी आलं, ओळी सुटू लागल्या किंवा डोकं दुखायला लागलं, तर त्या मुलाला छापील अक्षरं ‘दिसतात’ पण पुरत नाहीत. पाचवीत आठ पानांचा धडा असतो, नववीत वीस पानांचा. आज कसंबसं भागतंय ते तेव्हा भागणार नाही.

डॉक्टरांना एक प्रश्न स्पष्ट विचारा: हा आजार स्थिर आहे की वाढत जाणारा? वाढणारा असेल तर थोडं दिसत असतानाच ब्रेल सुरू करा. दोन्ही एकत्र चालतात, त्यात काही चूक नाही. दिवसा मोठी अक्षरं, संध्याकाळी डोळे थकले की ब्रेल, आणि लांबलचक इतिहासाचा धडा कानाने, अशी सोय कित्येक मुलं स्वतःच बसवून घेतात.

मोबाइल सगळं वाचून दाखवतो. मग ब्रेलचा खटाटोप कशाला?

ऐकून अर्थ कळतो, पण शब्द कसा लिहितात ते कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळपास सारखेच. परिच्छेद कुठे संपला, अवतरण कुठे सुरू झालं, कवितेची ओळ कुठे तुटली, हेही ऐकताना हरवतं. केवळ ऐकून दहावीपर्यंत आलेल्या मुलाला एक अर्जसुद्धा शुद्ध लिहिता येत नाही, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. ऐकण्याचा वेग हवाच, पण तो वाचनाच्या जोडीला हवा.

घरी मराठी, शाळेत हिंदी. दोन ब्रेल शिकावी लागतील?

एकच. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारली गेली. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षराचं घर सहा उठावाच्या बिंदूंचं असतं: डाव्या रकान्यात वरून खाली १, २, ३ आणि उजव्यात ४, ५, ६. क म्हणजे बिंदू १, ३, मग तो हिंदीतला असो, मराठीतला की गुजरातीतला. इंदूरच्या मराठी मुलाला याचा मोठा फायदा आहे: शाळेतले विशेष शिक्षक हिंदी ब्रेल शिकवतात, आणि त्याच बोटांनी मूल मराठी वाचू शकतं.

अडतं ते ळ वर. शाळेतल्या हिंदी पुस्तकांत ळ जवळजवळ येतच नाही, म्हणून तो शिकवायचा राहून जातो आणि घरी मराठी पुस्तक हातात आलं की मूल अडखळतं. ल म्हणजे डावीकडचा पूर्ण रकाना, बिंदू १, २, ३. ळ म्हणजे उजवीकडचा पूर्ण रकाना, बिंदू ४, ५, ६. दोन्ही एकमेकांचे आरशातले भाऊ. सुटं अक्षर बोटाखाली आलं तर दोन्ही नुसत्या उभ्या तीन ठिपक्यांच्या रेघा, फरक कळायला शेजारचं अक्षर लागतं. ‘काल’ आणि ‘काळ’ घ्या. दोन्हींत क आणि आ सारखेच. आ संपल्यावर ल ची रेघ सुमारे साडेतीन मिलिमीटरवर लागते, ळ ची सुमारे सहा मिलिमीटरवर. म्हणजे इथे मूल ठिपके वाचत नाही, मधली रिकामी जागा वाचतं. गाल-गाळ, वेल-वेळ, माल-माळ, मूल-मूळ, पाल-पाळ अशा जोड्या एका कागदावर काढा आणि रोज पाच मिनिटं फिरवा. आठवड्याभरात बोट सरावतं. आजी-आजोबांनी शब्द उच्चारायचा आणि मुलाने त्यावर बोट ठेवायचं, असा खेळ केला तर उच्चारही पक्का होतो. इथल्या मुलांच्या बोलण्यात ळ चा ल होतो, त्यावरही हा उतारा आहे.

आणखी चार गोष्टी माहीत असाव्यात. वेलांटी छापील लिपीत अक्षराच्या आधी दिसते, पण ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर येते: ‘कि’ म्हणजे क, मग इ. मात्रेला वेगळी खूण नसते, स्वराचीच खूण व्यंजनानंतर लिहितात. त्यामुळे ‘कई’सारख्या शब्दात मध्ये अ लिहावा लागतो, नाहीतर तो ‘की’ वाचला जाईल. जोडाक्षरात हलन्ताचा बिंदू ४ जोडाक्षराच्या आधी येतो: ‘पत्ता’ म्हणजे प, बिंदू ४, त, त, आ. आणि ण ची खूण व अंकचिन्ह एकच आहे: ३, ४, ५, ६. गोंधळ होत नाही, कारण मराठी शब्द ण ने सुरू होत नाही आणि अंकचिन्ह आकड्याच्या आधी येतं.

घरी ब्रेलची सुरुवात कुठून करायची?

अक्षरांपासून नाही, बोटांपासून. धान्य निवडणं, बटणं लावणं, राजमा आणि चवळी वेगळी करणं, दोऱ्याच्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे बोट नेणं, हे दोन-तीन महिने चालू द्या. मग सगळ्या ओळी एकाच खुणेच्या, मध्येच एक वेगळी, असे कागद द्या: ‘वेगळं कुठे लागलं?’

वाचताना दोन्ही हात लावायला शिकवा. उजवी तर्जनी ओळ वाचत जाते, डावी पुढच्या ओळीची सुरुवात शोधून थांबते. हात हलका हवा. मूल ठिपके दाबून घासत असेल, वर-खाली चोळत असेल, तर थांबवा. एकदा ती सवय लागली की वेग कायमचा मारला जातो. असं होण्याची कारणं सहसा साधी असतात: कागद पातळ आहे, ठिपके चपटे झालेत, किंवा मुलाला अक्षर अजून नीट आलेलं नाही आणि आपण पुढे पळतोय. उन्हाळ्यात घामट बोट कागदाला चिकटतं, म्हणून हात धुऊन कोरडे करून बसवा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गार पडून बधिर होतात, तेव्हा आधी हात चोळून ऊब आणा.

लिहायला ब्रेलची पाटी (कागद धरणारी, घरं पाडलेली पट्टी) आणि स्टायलस (टोचणी) स्वस्त पडतात आणि दप्तरात मावतात. पण पाटीवर उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं टोचावं लागतं, कारण कागद उलटून वाचायचा असतो. चुका इथेच होतात: ल चा ळ, इ चा ए, र चा ठ. लहान मुलाला आधी ब्रेलर, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर, मिळाला तर बरं. त्याला बिंदूंच्या सहा कळा असतात, डाव्या हाताला १, २, ३ आणि उजव्याला ४, ५, ६, आणि लिहिलेलं लगेच सुलट वाचता येतं. पाटी नंतर शिकवा, पण शिकवाच, कारण ब्रेलर जड असतो आणि रोज शाळेत नेता येत नाही. कागद १२० ते १४० जीएसएमचा घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदावर ठिपका फाटतो.

मोठी अक्षरं म्हणजे किती मोठी?

रोमन लिपीसाठी १८ पॉइंटपासून सुरुवात करतात. देवनागरीत त्याच मापाचं अक्षर लहान वाटतं, कारण वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना त्याच उंचीत जागा द्यावी लागते. म्हणून २० ते २४ पॉइंटने सुरू करा, ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा आणि वाचून घेऊन मग माप ठरवा. अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो आणि मूल भलताच शब्द वाचतं. सारख्या जाडीचा, साधा टंक हवा: ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे टंक चालतात. कलाकुसरीचे टंक, तिरपी अक्षरं आणि चित्रावर छापलेला मजकूर टाळा. ओळी दोन्ही बाजूंनी ताणून सरळ करू नका, शब्दांमधली जागा कमी-जास्त होते.

कोणती अक्षरं फसवतात ते आधीच टिपून ठेवा: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ‘ख’ आणि ‘रव’. मूल ‘धर’ला ‘घर’ वाचत असेल तर प्रश्न हुशारीचा नाही. ध च्या डोक्यावरची न जुळलेली शिरोरेघ त्याला दिसत नाही, एवढंच.

झेरॉक्सने मोठं करून घ्यायचं ठरवलंत तर एक हिशेब करा. ए-४ चं ए-३ केलं की अक्षर १४१ टक्के होतं, म्हणजे १२ पॉइंटचं १७. एवढ्याने बहुधा भागत नाही, वर कागद बाकावर मावत नाही. पुन्हा टाइप करून किंवा युनिकोड (आजच्या प्रमाण पद्धतीने टाइप केलेली) फाइल मोठी करून छापणं जास्त कामाचं. आणि ज्याचं दृष्टिक्षेत्र अरुंद आहे त्याला मोठी अक्षरं देऊच नका. त्या छोट्या खिडकीत दोनच अक्षरं मावतील आणि वाचन आणखी मंदावेल. त्याला मध्यम अक्षर, भरपूर उजेड आणि ठळक काळा रंग लागतो.

कोणतं भिंग घ्यावं?

बाजारात जाऊन मोठंसं दिसणारं भिंग उचलू नका. शक्ती वाढली की भिंग लहान होतं आणि एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात. हातातलं भिंग किती उंचीवर धरायचं याचा नियम सोपा आहे: १०० ला डायॉप्टरने, म्हणजे भिंगाच्या शक्तीच्या आकड्याने, भागा. १० डायॉप्टरचं भिंग कागदापासून १० सेंटिमीटरवर, २० चं ५ सेंटिमीटरवर. डोळा भिंगाच्या जितका जवळ, तितकी जास्त ओळ दिसते. हे न सांगितल्यामुळे किती भिंगं कपाटात पडून राहतात! लहान हातांना पायांचं किंवा घुमटासारखं, थेट कागदावर ठेवायचं भिंग सोपं जातं, कारण अंतर आपोआप बरोबर राहतं.

बिनखर्चाचं एक साधन प्रत्येक घरात करता येतं. काळ्या कार्डशीटला एका ओळीएवढी आडवी खाच कापा, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर उंच. ती ओळीवर ठेवली की आजूबाजूची चकाकी जाते आणि ओळ सुटत नाही. डिस्लेक्सियाच्या मुलांनाही ही उपयोगी पडते. दिवा लिहित्या हाताच्या उलट बाजूने, थोडा मागून. पेन्सिलीऐवजी काळं जाड पेन, आणि वहीच्या रेघा मार्करने गडद करून.

तयार पुस्तकं कुठे मिळतात?

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडियाच्या साथीने २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. सदस्यत्वासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पाठ्यपुस्तक शोधताना वर्ष आणि आवृत्ती जुळते का ते आधी पाहा. ब्रेल छपाईचं जुनं केंद्र देहरादूनला आहे, तिथल्या, दृष्टिबाधितांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या केंद्रीय ब्रेल मुद्रणालयाची सुरुवात १९५१ ची. मराठी ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांसाठी मुंबईच्या नॅबकडे, म्हणजे १९५२ पासून काम करणाऱ्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे विचारा. अंधांसाठीचं साहित्य सात किलोपर्यंत साध्या टपालाने विनामूल्य जातं. पाकिटावर तसं ठळक लिहा आणि ते तपासता येईल असं बांधा.

पाठ्यपुस्तकांची मागणी एप्रिलमध्येच नोंदवा. सत्र सुरू झाल्यावर धावपळ केली तर पुस्तक दिवाळीला हातात पडतं, आणि तोवर वर्ग अर्धं पुस्तक संपवून बसलेला असतो.

पुस्तकाची पीडीएफ मिळाली, पण मोबाइल भलतंच काहीतरी वाचतो. का?

बहुतेक वेळा दोष मोबाइलचा नसतो, फाइलचा असतो. मध्य प्रदेशात बरीच हिंदी पुस्तकं, नोट्स आणि प्रश्नपत्रिका कृतिदेव, चाणक्य यांसारख्या जुन्या टंकांत जुळवलेल्या असतात. महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी फाइलींत श्रीलिपी असते. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. वाचक-प्रणाली, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचते. तपासायची रीत: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उतरली तर फाइल युनिकोड आहे. कचरा उतरला तर जुना टंक, तो टंक बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने (परिवर्तकाने) बदलून घ्या. काहीच कॉपी झालं नाही तर ते पानाचं नुसतं चित्र आहे आणि ओसीआर करावं लागेल, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून मजकूर करून घ्यावा लागेल.

ओसीआरचं काम असं करा. पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, खजुरी बाजारात जुनी प्रत स्वस्तात मिळते. एका प्रतीची पाठ बाइंडरकडून कटिंग मशीनवर कापून घ्या म्हणजे पानं सुटी होतात आणि मध्याची सावली येत नाही. ३०० डीपीआयवर, करड्या रंगात स्कॅन करा. गूगल ड्राइव्हवर चढवून ती फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर सुटा होतो. एका वेळी आठ-दहा पानंच द्या, मोठी फाइल मध्येच तुटते.

खरं काम त्यानंतरचं. देवनागरीत यंत्र ठरावीक जागी चुकतं: रफार गळतो, अनुस्वार उडतो, घ-ध बदलतात, दंडाचा १ होतो, आणि दोन रकान्यांचं पान असेल तर डाव्या ओळीला उजवी ओळ जोडली जाते. एकाने मूळ पुस्तक मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावं, हीच पद्धत सगळ्यात भरवशाची. धड्यांच्या नावांना शीर्षकाची शैली लावा म्हणजे मुलाला उडी मारून हव्या धड्यावर जाता येतं. आणि छापील पानाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या सुरुवातीला टाइप करा. बाई ‘पान ४७ काढा’ म्हणतात तेव्हा या मुलाचंही पान ४७ निघालं पाहिजे.

संगणकावर ऐकायला एनव्हीडीए ही वाचक-प्रणाली विनामूल्य आहे. तिच्या सोबत येणाऱ्या आवाजांत हिंदी आणि मराठी दोन्ही आहेत. आवाज यांत्रिक वाटतो, पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतंच. मराठी पुस्तकासाठी आवाजाच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा. हिंदी आवाज मराठी वाचायला बसला की चहा-चमचा यांतले च एकाच वळणाचे होतात आणि मूल वैतागून ऐकणं सोडतं.

असं स्कॅन करून देणं कायद्यात बसतं का?

बसतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये सूट आली आहे: दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून तिच्या स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी पुस्तकाचं सुगम रूप करता येतं, ना नफा तत्त्वावर. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ मध्ये. पण ती फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. ज्याला गरज आहे त्यालाच द्या.

आमच्या मंडळातल्या सात-आठ जणी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला तयार आहेत. काय काळजी घ्यावी?

अशा माणसांची खरोखर गरज आहे, विशेषतः मराठीसाठी. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या मराठी संस्था आहेत, शुद्ध आणि रसाळ वाचणारी माणसं इथे कमी नाहीत.

खोली लहान आणि सामानाने भरलेली निवडा, पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट आवाजाचा घुमारा शोषतात. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, फोन विमान मोडवर. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर आणि थोडा बाजूला, नाहीतर प, फ, भ चा फुत्कार बसतो. मोनो, ६४ केबीपीएसचं एमपी३ बोलण्याला पुरतं.

एका धड्याची एक फाइल, नावाच्या सुरुवातीला दोन अंकी क्रमांक, म्हणजे क्रम बिघडत नाही. सुरुवातीला पुस्तक, इयत्ता, आवृत्तीचं वर्ष आणि धडा सांगा. पान बदललं की ‘पान ४८’ एवढंच म्हणा, पण वाक्य मध्ये तोडू नका. तळटीप वाक्य संपल्यावर. नवं विशेषनाम किंवा अवघड शब्द आला तर एकदा अक्षर-अक्षर सांगा. चित्राखालचा मजकूर आधी, मग दोन वाक्यांत चित्र. चुकलं तर मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा वाचा आणि चूक नंतर कापा.

अभिनय आवरा. गोष्टीत थोडा चालेल, पण भूगोलात नको. मूल हे दीडपट-दुप्पट वेगाने ऐकणार आहे आणि नाट्यमय विराम तिथे अडथळा होतात. लेखकाची चूक सापडली तरी सुधारू नका, परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात. आणि एका बैठकीत ४० मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. घसा बसला की पहिल्या आणि शेवटच्या पानाचा आवाज दोन वेगळ्या माणसांचा वाटतो.

नकाशे आणि आकृत्यांचं काय करायचं?

छापील आकृती जशीच्या तशी उठावाची केली तर बोटाला नुसता गुंता लागतो. आधी ठरवा, या आकृतीतून मुलाला काय कळायला हवं? तेवढंच ठेवा. मध्य प्रदेशाचा नकाशा तीन कागदांवर करा: एकावर सीमा आणि शेजारची राज्यं, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर शहरं. सीमा जाड दोऱ्याने, नर्मदा पातळ लोकरीने, अमरकंटकपासून पश्चिमेकडे. इंदूरला एक मसुराचा दाणा, नर्मदेच्या उत्तरेला. दोन रेघांमध्ये किमान पाच-सहा मिलिमीटर जागा हवी, त्यापेक्षा जवळ असल्या तर बोटाला एकच रेघ लागते. एका कागदावर तीन-चार पोतांपेक्षा जास्त नकोत.

मेंदीच्या कोनात फेविकॉल भरून रेघा काढल्या तर सुकल्यावर छान उठाव येतो. रात्रभर वाळू द्या, नाहीतर चिकट बोट त्यावर अडकतं. डोळ्यांना खोली दाखवणारी तिरपी चित्रं बोटाला कळत नाहीत, म्हणून डबा, फूल, हृदय यांचा आडवा किंवा उभा छेद द्या. शक्य तिथे वस्तूच हातात ठेवा. जास्वंदीचं फूल आकृतीपेक्षा कधीही बरं.

गणित?

आकडेमोडीला अबॅकस आणि टेलर फ्रेम (आकड्यांच्या खुंट्या बसवायची चौकट). फाइलमधली समीकरणं चित्र म्हणून चिकटवलेली असतील तर वाचक-प्रणाली गप्प बसते किंवा फक्त ‘ग्राफिक’ म्हणते, म्हणून ती समीकरण-संपादकात टाइप करा. तोंडी सांगताना कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला हे प्रत्येक वेळी म्हणा, अपूर्णांकात अंश कुठे संपला तेही.

माझ्या मुलीला दिसतं, पण वाचता येत नाही. हे तिच्याही उपयोगाचं आहे का?

यातलं बरंच आहे. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. देवनागरीत या मुलांना ठरावीक जागी ठेच लागते: आधी दिसणारी आणि नंतर उच्चारायची ऱ्हस्व वेलांटी, ‘र्क’ आणि ‘क्र’ यांतला फरक, जोडाक्षरं. अशा मुलीला नुसतं ऐकवू नका. ऐकू येणारा शब्द पडद्यावर उजळतो अशी डेझी किंवा ईपब फाइल द्या आणि वेग सुरुवातीला सावकाश ठेवा. डोळा आणि कान बरोबर चालले की शब्दाचं रूप हळूहळू मनात बसतं. ‘आळशी’ हा शब्द घरातून काढून टाका.

वर्गशिक्षकाने रोज काय करावं?

फळ्यावर लिहिताना लिहाल ते बोला. ‘हे इथून तिथे जातं’ऐवजी ‘वरच्या डाव्या कोपऱ्यातून मधल्या चौकोनात’ म्हणा. पुढच्या आठवड्याचे धडे आणि चाचणीचा कागद आठ दिवस आधी द्या, कारण ब्रेलमध्ये छापील एका पानाची दोन-तीन पानं होतात आणि तयार करायला वेळ लागतो. प्रकट वाचनाची पाळी या मुलाची चुकवू नका. त्याला परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, तो तयारी करून येईल. खिडकीसमोर बसवू नका, काही आजारांत उजेड डोळ्यांवर आला की फळा पांढरा दिसतो.

परीक्षेत काय सवलती आहेत?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं विनामूल्य देण्याचाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं सांगितला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाच्या, ज्याला इथे सगळे ‘राइटर’ म्हणतात, पात्रतेचे नियम बदलत असतात. म्हणून त्या वर्षाचं मंडळाचं परिपत्रक शाळेतून मागून घ्या आणि अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्या. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांना वेळ लागतो, ते आठवीतच करून ठेवा.

लेखनिकाबरोबर किमान पाच-सहा पेपर घड्याळ लावून सोडवा. आधी सगळी प्रश्नपत्रिका वाचून घ्यायची, मग क्रम ठरवायचा. उत्तर सांगताना स्वल्पविराम, नवा परिच्छेद, अधोरेखन हे सगळं मुलाने सांगायचं. दर पानानंतर शेवटचं वाक्य परत वाचून घ्यायचं. भाषेतून सूट घेण्याआधी थांबून विचार करा. सूट मिळते म्हणून घेतली आणि पुढे तीच भाषा पदवीला लागली, अशी पंचाईत होते.

ब्रेल पुस्तकं पावसाळ्यात खराब होतात. कशी ठेवावीत?

उभी ठेवा, एकावर एक रचू नका. वजनाने खालचे ठिपके चपटे होतात आणि एकदा बसलेला ठिपका परत उठत नाही. फार घट्टही कोंबू नका. जुलै ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, कागद दमट होऊन मऊ पडतो. दमटलेलं पुस्तक उन्हात तापवू नका, पानं उघडून पंख्याखाली ठेवा. ओल्या पानावर वाचायचं नाही, बोटाबरोबर ठिपका घासला जातो. लोखंडी स्टेपलऐवजी दोऱ्याने शिवलेली बांधणी करून घ्या. पान पूर्ण सपाट उघडलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक ओळीची बांधणीकडची दोन-तीन अक्षरं बोटाला लागत नाहीत.